कोरोनातलं जेतेपद हलकं होतं का? डेन्मार्कची २०१९-२० सुपरलीगा वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात फुटबॉल अ‍ॅनालिस्टचं काम शिकतोय. सरावासाठी डेन्मार्कच्या सुपरलीगाचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा, २०१९-२० मोसम घेतला. लॉकडाउनआधी, पुढे विजेता ठरलेल्या मिट्यूलंड क्लबने २४ सामन्यांत ६२ गुण मिळवले आणि नंतरच्या १२ सामन्यांत फक्त २०. यावरून, रिकाम्या स्टेडियममुळे त्यांचा खेळ बसला असा निष्कर्ष मी काढला. माझा मित्र म्हणतो, कोरोनाच्या मोसमातल्या जेतेपदाला मुळात अर्थच नाही. कोण बरोबर? आणि काही संघ ३६ सामने खेळलेले दिसतात, काही ३२. हे काय गौडबंगाल आहे?"

तुम्ही दोघंही चुकताय, पण तुमची चूक जास्त कामाची आहे. मित्राचं म्हणणं तक्ता समोर ठेवला की पडतं. तुमचं म्हणणं त्याच तक्त्यावर उभं आहे, त्यामुळे ते पाडायला मेहनत लागेल. शिवाय हीच चूक मी पगार घेऊन केलेली आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

आधी मित्राचं संपवू. पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी ११ मार्च २०२० च्या रात्री देश बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा मिट्यूलंड ६२ गुणांवर होता आणि दुसरा एफसी कोपनहेगन ५० वर. जुलैअखेर तक्ता बंद झाला तेव्हा ८२ आणि ६८. म्हणजे बाराची आघाडी चौदा झाली. विषाणूने या संघाला काही बहाल केलं असेलच, तर ते एवढे दोन गुण. बाकीचं सगळं संघाने भरलेल्या स्टेडियममध्ये, नेहमीच्या फुटबॉलमध्ये, जुलै ते मार्च या काळात कमावलेलं होतं.

त्या वर्षी इतरांनी काय केलं ते शेजारी ठेवून पाहा. नेदरलँड्सने मोसम तिथेच थांबवला आणि विजेताच जाहीर केला नाही; आयाक्स आणि एझेड तेव्हा समान गुणांवर होते. बेल्जियमने मोसम संपल्याचं सांगून आघाडीवरच्या क्लब ब्रुगला विजेता ठरवलं. आपल्याकडे आय-लीगच्या चार फेऱ्या शिल्लक असताना स्पर्धा आवरली आणि मोहन बागानला जेतेपद दिलं. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना १४ मार्चला गोव्यात फातोर्ड्याला एकाही प्रेक्षकाविना उरकला, एटीकेने चेन्नईयिनला ३-१ असं हरवलं. डेन्मार्कने यातलं काहीच केलं नाही. ७ मे रोजी तिथल्या राजकीय पक्षांमध्ये निर्बंध सैल करण्याचा करार झाला, त्यात प्रेक्षकांविना व्यावसायिक खेळाला परवानगी मिळाली, २८ मे रोजी चेंडू पुन्हा फिरला आणि वेळापत्रकातला प्रत्येक सामना खेळला गेला. ज्या मोसमात सगळे सामने झाले त्याला तारांकन लावायचं, तर अर्ध्यात सोडलेल्या लीगना काय लावणार? मित्राला एवढं सांगा आणि चहा पाजा.

आता तुमच्याकडे वळू. त्यासाठी ३६ आणि ३२ चा उलगडा आधी हवा, कारण तुमच्या निष्कर्षाची खोट तिथेच आहे.

२०१६-१७ ते २०१९-२० या काळात सुपरलीगात चौदा संघ होते आणि पद्धत अशी होती. प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी आणि बाहेर असे दोनदा खेळायचं, म्हणजे २६ सामने. मग तक्ता कापायचा. वरचे सहा एका गटात जातात आणि आपसात पुन्हा दोनदा खेळतात, म्हणजे आणखी १० सामने: झाले ३६. खालच्या आठांचे चार-चारचे दोन गट पडतात, त्यांचे आणखी सहा सामने: झाले ३२, आणि त्यानंतर कुणाला युरोपचं तिकीट, कुणाला गच्छंती (म्हणजे खालच्या विभागात घसरण), यासाठी बाद फेरीसारखे सामने. कापाकापी होताना गुण जसेच्या तसे पुढे जातात. हा मुद्दा अधोरेखित करून ठेवा. बेल्जियमनेही असाच तक्ता कापला, पण तिथे त्या काळी गुण निम्मे करायचे, म्हणजे बाराची आघाडी एका रात्रीत सहावर यायची. डेन्मार्कमध्ये तुमची पुंजी तुमच्याकडेच राहते.

तर, लॉकडाउन लागलं तेव्हा २४ फेऱ्या झाल्या होत्या. उरलेल्या बारांपैकी दोन नेहमीच्या आणि दहा वरच्या सहांच्या गटातल्या. म्हणजे पहिल्या २४ सामन्यांत मिट्यूलंडसमोर होब्रो, सिल्केबोर्ग, एस्बियर्ग असे तळाला चाचपडणारे संघही होते. नंतरच्या बारांपैकी दहांत समोर फक्त कोपनहेगन, एजीएफ, ब्रॉनबी, नॉर्शेलंड आणि एएबी. तुम्ही २४ ची सरासरी २.५८ काढलीत, १२ ची १.६७ काढलीत, आणि फरक रिकाम्या खुर्च्यांच्या नावावर टाकलात. पण खुर्च्या रिकाम्या झाल्या त्याच सुमारास समोरचे संघही बदलले. ही आवळ्याभोपळ्याची मोट आहे.

आणखी एक साधं गणित करा, कागदावर होईल. सहा संघ आपसात दोनदा खेळले की एकूण ३० सामने होतात. सामना निकाली लागला तर तीन गुण वाटले जातात, बरोबरी झाली तर दोन. म्हणजे त्या गटात काहीही झालं तरी एकूण ६० ते ९० गुणच जन्माला येतात. सहा संघांत वाटले तर प्रत्येकी १० ते १५. सामन्यामागे सरासरी १ ते दीड. एकही बरोबरी झाली नाही तरी दीडच्या वर गटाची सरासरी जाऊच शकत नाही. याच मोजपट्टीवर मिट्यूलंडची १.६७ ठेवा. ती घसरण वाटते का आता? कोपनहेगन त्याच बारा सामन्यांत ५० वरून ६८ वर गेला, म्हणजे १८ गुण, बरोबर दीड. त्याआधी त्याची सरासरी २.०८ होती. दोघंही खाली आले, कारण दोघांनाही सोपे प्रतिस्पर्धी मिळणं बंद झालं. (त्या बारांत दोन नेहमीच्या फेऱ्यांचे सामनेही आहेत, त्यामुळे मोजपट्टी अगदी काटेकोर नाही, पण दिशा दाखवायला पुरेशी आहे.)

माझी चूक सांगतो. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग पूर्ण गोव्यात झाली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशा तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना. तिथे एका क्लबसाठी मी व्हिडिओ आणि आकडे सांभाळत होतो. महिनाभरात आमची गाडी रुळावरून उतरली. मी एक देखणा तक्ता केला: आदल्या वर्षीची घरच्या मैदानावरची कामगिरी विरुद्ध या वर्षीची 'घरची' कामगिरी. बैठकीत तो पडद्यावर लावला आणि सांगितलं, पाठीराखे नसल्याचा फटका बसतोय. मुख्य प्रशिक्षकांनी शांतपणे विचारलं, "आपण राहतो त्या हॉटेलपासून हे मैदान किती लांब, आणि समोरच्यांच्या हॉटेलपासून किती?" दोन्ही संघ बसमध्ये जवळपास तेवढाच वेळ बसत होते. घर कुणाचंच नव्हतं. वेळापत्रकात एका संघाचं नाव आधी छापलं होतं, एवढाच काय तो 'घरचा' अर्थ. मग त्यांनी दुसरं विचारलं की या सहा सामन्यांत समोर कोण होतं. मी तो रकानाच ठेवला नव्हता. पुढची दहा मिनिटं मी लॅपटॉपकडेच बघत बसलो.

तेव्हापासून माझा नियम असा की 'आधी आणि नंतर' असा कुठलाही तक्ता करताना प्रतिस्पर्ध्याचा रकाना पहिला. बाकी सगळं त्यानंतर.

मग रिकाम्या स्टेडियमचा परिणाम नव्हताच का? असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की बारा सामन्यांच्या तुकड्यातून तो वेगळा काढता येत नाही. एकतर एका संघाचे बारांतले जेमतेम सहा सामने घरी असतात. त्यातल्या दोन सामन्यांत चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, यावर तुमची अख्खी सरासरी हलते. दुसरं, त्याच काळात आणखी चार गोष्टी बदलल्या होत्या. मे महिन्यात खेळाच्या नियम मंडळाने पाच बदली खेळाडूंची मुभा दिली. सामने जून-जुलैत आले, जेव्हा डॅनिश खेळाडू एरवी सुटीवर किंवा पुढच्या मोसमाच्या तयारीत असतात. दोन सामन्यांमधले दिवस कमी झाले. आणि अडीच महिने कुणी खेळलेलंच नव्हतं. डेन्मार्कमध्ये हिवाळ्याची सुटी असतेच, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, पण तिच्या शेवटी सराव सामने असतात. इथे तसं काही नीट झालं नाही. मिट्यूलंड १ जूनला घरच्या मैदानावर उतरला आणि हॉर्सन्सकडून ०-१ असा हरला. हा पराभव रिकाम्या खुर्च्यांचा, गंजलेल्या पायांचा, की फुटबॉलमध्ये असं होतंच त्याचा? एका सामन्यावरून सांगणारा माणूस अ‍ॅनालिस्ट नव्हे, ज्योतिषी.

शिवाय स्टेडियम शेवटपर्यंत रिकामी नव्हतीच. जूनपासून थोडे प्रेक्षक आत येऊ लागले, स्टँडचे कप्पे पाडून, कप्प्यात जास्तीत जास्त ५००, मध्ये अंतर राखून. त्यामुळे तुमच्या माहितीत 'प्रेक्षक: होय/नाही' असा रकाना असेल तर तो मोडा आणि तीन प्रकार करा: पूर्ण गर्दी, कुणीच नाही, कप्प्यांतली गर्दी.

एक गंमत इथेच सांगून टाकतो, कारण ती डॅनिश लोकांचा स्वभाव दाखवते. पुन्हा सुरू झालेला पहिला सामना म्हणजे आरहूस शहरातला एजीएफ विरुद्ध रॅनर्स, राहून गेलेला. दोन्ही शहरं एकमेकांच्या जवळ, त्यामुळे चुरस सांगायलाच नको. एजीएफने झूमवर आभासी स्टँड उभारलं. लोकांनी घरबसल्या आपापला 'विभाग' निवडायचा, शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या, आणि त्यांचे चेहरे मैदानालगतच्या मोठमोठ्या पडद्यांवर. हजारो लोक जोडले गेले. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठीही वेगळा विभाग ठेवला होता, हे मला फार आवडलं. सामना १-१ सुटला. मिट्यूलंडने तर स्टेडियमच्या वाहनतळावर मोठे पडदे लावून लोकांना गाडीत बसून सामना दाखवायची टूम काढली. हेर्निंगच्या आसपास वाहनतळाला जागेची टंचाई नाही.

हेर्निंगवरून आठवलं. मिट्यूलंड म्हणजे 'मधलं युलंड', युलंड द्वीपकल्पाचा पोटाचा भाग. हेर्निंग कापडधंद्याचं गाव, वस्ती पन्नास हजारांच्या घरात. शेजारच्या इकास्टचा क्लब आणि हेर्निंग फ्रेमाड यांनी १९९९ मध्ये एकत्र येऊन हा क्लब काढला. राजधानीतले लोक याला बनावट क्लब म्हणून हिणवतात, ही मजाच आहे. कारण एफसी कोपनहेगन हासुद्धा केबी आणि बी १९०३ या दोन क्लबांच्या विलीनीकरणातून १९९२ मध्ये जन्मलेला. ब्रॉनबीचं मूळही दोन गावक्लबांच्या मिलनातच आहे. वयाने थोरला झालं की विलीनीकरण विसरायचं, एवढंच.

२०१४ मध्ये इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबचे मालक मॅथ्यू बेनहम यांनी इथे मालकी घेतली. सट्ट्याच्या आकडेमोडीत मुरलेला माणूस. त्यांनी रास्मुस अँकर्सन यांना अध्यक्ष केलं आणि २०१४-१५ मध्ये क्लबने पहिलं जेतेपद जिंकलं. तेव्हापासून मिट्यूलंड म्हटलं की लोकांना 'आकड्यांचा क्लब' आठवतो. बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं, तिथे कुणीतरी संगणकाला विचारून संघ निवडतो. तसं काही नसतं. आकड्यांनी त्यांना मुख्यतः एक गोष्ट दाखवली: कॉर्नर, फ्री-किक, लांब थ्रो-इन यांवर इतर क्लब सरावाचा वेळ घालवत नाहीत, म्हणून तिथे गोल स्वस्त मिळतात. पुढे लिव्हरपूलला थ्रो-इन शिकवायला गेलेले थॉमस ग्रॉनेमार्क इथेही काम करत होते. थ्रो-इनचा शिक्षक ही कल्पना ऐकून मी आधी हसलो होतो. नंतर आमच्याच एका सामन्यातले थ्रो-इन मोजले. चाळिसाच्या वर होते, आणि निम्म्याहून जास्त वेळा चेंडू तीन सेकंदांत समोरच्याकडे. मग हसू थांबलं.

२०१९-२० च्या संघाला मात्र नुसता सेट-पीसचा, म्हणजे अशा थांबलेल्या चेंडूवरून गोल करणारा, संघ म्हणू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये केनेथ अँडरसन यांच्या जागी ब्रायन प्रिस्के आले. स्वतः बचावपटू, मिट्यूलंडसाठीही खेळलेले. मोसमाचा पाया त्यांनी मागून रचला: एरिक स्व्यातचेंको आणि अलेक्झांडर शोल्झ मध्ये, समोर फ्रँक ओन्येका धावत सगळं बुजवणारा, आणि त्याच्या जोडीला ब्राझीलचा एव्हांडर, ज्याच्या उजव्या पायातून कॉर्नर यायचे. शोल्झ बचावपटू असून पेनल्टी घ्यायचा. तुमच्या माहितीत गोलांची वाटणी जागेप्रमाणे करताना ही गोष्ट लक्षात असू द्या, नाहीतर 'बचावपटूंचे गोल' हा आकडा बघून सेट-पीसची जादू म्हणाल, आणि प्रत्यक्षात निम्मे बारा यार्डांवरून आलेले निघतील. पेनल्टी वेगळ्या काढा, नेहमीच.

अशीच एक खाच गोल करणाऱ्यांच्या यादीत आहे. मोसमाचा सर्वाधिक गोल करणारा रॉनी श्वार्ट्स, १८ गोल. तो सुरुवातीला सिल्केबोर्गकडून खेळला आणि जानेवारी २०२० मध्ये मिट्यूलंडने त्याला घेतलं. म्हणजे एकाच मोसमात एक पाय तळाच्या संघात, दुसरा विजेत्यांत. जुन्या क्लबची गच्छंती झाली आणि त्याच्या गळ्यात पदक पडलं. तुमच्या संगणकावर खेळाडू क्लबला बांधलेला असेल तर त्याचे गोल एकतर दोनदा मोजले जातील किंवा सगळे मिट्यूलंडच्या खात्यात पडतील. मी दोन्ही प्रकार झालेले पाहिले आहेत.

जेतेपद ९ जुलैला पक्कं झालं, तेही कोपनहेगनलाच हेर्निंगमध्ये ३-१ असं हरवून. मोसम अजून संपायचा होता. तिसऱ्या आलेल्या एजीएफने १९९७ नंतर पहिल्यांदा पदकात जागा मिळवली. आरहूससारख्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराला तेवीस वर्षं थांबावं लागलं, यावरून तिथल्या पाठीराख्यांच्या स्वभावाची कल्पना करा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण या मोसमाचा खरा जाच वर नव्हता, खाली होता. पुढच्या वर्षापासून लीग चौदावरून बारावर आणायचं आधीच ठरलं होतं. त्यासाठी तीन संघ खाली जाणार आणि खालून एकच वर येणार. खालच्या प्रत्येक गटातला शेवटचा थेट बाहेर, आणि तिसरे एकमेकांशी झुंजणार. सिल्केबोर्ग आणि एस्बियर्ग थेट गेले. एस्बियर्ग म्हणजे जुना, मानाचा बंदरगावचा क्लब, पाच वेळा राष्ट्रीय विजेता. तिसऱ्या क्रमांकांच्या झुंजीत ल्युंगबी तगला आणि होब्रो गेला. वर आला वायले. चौदातून तीन गेले, एक आला, झाले बारा. प्रेक्षकांचं उत्पन्न बुडालेल्या वर्षात तीन क्लबांना खालच्या विभागात ढकलणं कठोर होतं, आणि काही देशांनी त्या वर्षी गच्छंतीच रद्द केली. डॅनिश लोकांनी नियम मोसमाआधी ठरला होता म्हणून तो पाळला. माझं मत विचाराल तर बरोबर केलं; पण मी होब्रोचा नाही. जेमतेम बारा हजार वस्तीच्या गावाला ते पुन्हा साधायचं म्हणजे काय, हे तिथल्यांना विचारायला हवं.

कप्प्यांतल्या गर्दीचं काय होतं ते बघायचं असेल तर १ जुलैचा चषकाचा अंतिम सामना पाहा. एरवी तो कोपनहेगनला पार्कन स्टेडियमवर होतो, त्या वर्षी एस्बियर्गला झाला. ऑलबोर्गच्या एएबीचे काही पाठीराखे अंतर राखून बसायला तयार होईनात. पंचांनी सामना थांबवला, खेळाडू बाजूला झाले, आणि सुमारे पाव तासाने त्या मंडळींना बाहेर काढल्यावर खेळ पुढे सुरू झाला. सॉनरयुस्केने २-० असं जिंकून इतिहासातला पहिला मोठा चषक नेला, दोन्ही गोल अँडर्स के. याकोबसेनचे. सामन्याच्या नोंदीत असा थांबलेला वेळ बहुतेक ठिकाणी वेगळा दाखवत नाहीत. धावांचे, दबावाचे मिनिटामागे आकडे काढत असाल तर हा सामना तुमचा भागाकार बिघडवेल.

आणि तरीही कुणी म्हणालाच की लीगचा दर्जा पडला होता, तर युरोपकडे बोट दाखवा. कोपनहेगनने ५ ऑगस्टला इस्तंबूल बशाकशेहिरला ३-० असं हरवून पहिल्या सामन्यातली ०-१ भरून काढली, आणि १० ऑगस्टला कोलोनमध्ये युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडला जादा वेळेपर्यंत ताणलं. गोलरक्षक कार्ल-योहान योन्सन त्या रात्री भिंत झाला होता. शेवटी ब्रूनो फर्नांडिसच्या पेनल्टीने १-० असा निकाल लागला. मिट्यूलंडने पात्रता फेरीत स्लाविया प्रागला ४-१ असं उडवून क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगचा गट गाठला. तिथे लिव्हरपूल, आयाक्स, अटलांटा. दोन गुण मिळाले, गटात तळाला राहिले. पण हेर्निंगमध्ये लिव्हरपूलला १-१ असं रोखलं, सलाहने पहिल्याच मिनिटाला गोल केल्यावर. बरोबरीचा गोल शोल्झचा, पेनल्टीवर.

आता प्रत्यक्ष कामाचं. तुमचा प्रकल्प फेकू नका, दुरुस्त करा. मिट्यूलंडचे वरच्या पाच संघांशी झालेले वीस सामने वेगळे काढा: प्रत्येकाशी चार, दोन कापाकापीआधी, दोन नंतर. आता समोरचे संघ तेच आहेत आणि घर-बाहेरची वाटणीही सारखी. हीच या पद्धतीची अ‍ॅनालिस्टला मिळालेली देणगी आहे. साध्या लीगमध्ये असे चार-चार सामने कुठे मिळतात? एक सावधगिरी: एखादा पहिल्या टप्प्यातला सामना २५ किंवा २६ व्या फेरीत पडला असेल तर तो लॉकडाउननंतरचा, त्याला योग्य बाजूला टाका. मग गुण मोजू नका, वीस सामन्यांत गुण फार ढोबळ असतात. मारलेले फटके, समोरच्यांना मारू दिलेले फटके, समोरच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडूला लागलेले पाय, असं काहीतरी मोजा, ज्याच्या सामन्यामागे दहा-वीस तरी नोंदी होतात. तिथे फरक दिसला तर बोलण्यासारखं काही आहे. नाही दिसला तर तेही लिहा. शिकाऊ माणसाच्या अहवालात 'फरक दिसला नाही' हे वाक्य वाचलं की मला त्याला मुलाखतीला बोलवावंसं वाटतं.

रिकाम्या स्टेडियमची खरी किंमत मात्र तुम्ही अजून वापरलेलीच नाही. ती आवाजात आहे. गोव्यात प्रेक्षक नव्हते तेव्हा टेलिव्हिजनच्या प्रक्षेपणात कृत्रिम गलका मिसळलेला असायचा, पण आमच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात गोलरक्षकाचा शब्द न् शब्द येत होता. कॉर्नरच्या वेळी कोण कुणाला हाक मारतो, बचावफळी वर सरकवायचा इशारा कोण देतो, गोल खाल्ल्यावर पहिला कोण बोलतो आणि कोण गप्प होतो. एका मोसमात मला खेळाडूंबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या पाच मोसमांत कळलं नव्हतं. २८ मे ते जूनच्या मध्यापर्यंतचे डॅनिश सामने त्यासाठी शोधा. गलका न मिसळलेलं चित्रण मिळालं तर उत्तम. डॅनिश येत नाही याची चिंता करू नका, मैदानावरचे शब्द पंधरा-वीसच असतात, आठवड्यात कान बसतो. एक सामना निवडा, दर हाकेला वेळ, खेळाडू आणि चेंडू कुठे होता एवढंच लिहा. नव्वद मिनिटांच्या सामन्याला पहिल्यांदा सहा तास लागतील. स्व्यातचेंकोपासून सुरुवात करा, तो कर्णधार होता.